मदत हवी आहे : मातीच्या अभ्यासासाठी कोणता मायनर (दुय्यम विषय) घ्यावा?

नमस्कार. बी.एस्सी. दुसरं वर्ष, मेजर रसायनशास्त्र. पुढे माती परीक्षणात काम करायचंय. आमच्याकडे चुनखडीच्या जमिनीत मोसंबीची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह असतं, पण सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) आठच्या वर गेला की मुळांना ते मिळत नाही. मला नेमकं हेच शिकायचंय.

कॉलेजात मृदाशास्त्र नाही. वनस्पतिशास्त्र किंवा भूगर्भशास्त्र, एवढेच मायनर. दोन्हींचे अभ्यासक्रम वाचले, सरांना विचारलं; ते वनस्पतिशास्त्र म्हणतात. कृषी विद्यापीठात मृदाशास्त्राच्या एम.एस्सी.ला सहसा कृषी पदवीच लागते, हे माहीत आहे. कॉलेज बदलणं शक्य नाही.

माती परीक्षण प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी सांगावं : नोकरीसाठी यातला कोणता मायनर खरंच उपयोगी पडतो?