देणगीच्या पाटीवर 'तर्फे' की 'स्मरणार्थ'?

प्रश्न (सांगली) : आमच्या गल्लीतील वाचनालयास आम्ही तिघा भावंडांनी आईच्या आठवणीसाठी २ लोखंडी कपाटे दिली असून, त्यांवर लावावयाच्या पितळी पाटीचा मसुदा कारागिराने 'कै. (आईचे नाव) यांच्या तर्फे सप्रेम भेट' असा पाठवला आहे. वाचताना काहीतरी खटकते. नेमके काय चुकले, ते कृपया सांगावे.

उत्तर : खटकतो तो 'तर्फे'. या शब्दातून देणारा कोण हे कळते, आणि मसुद्यात ती जागा आपल्या दिवंगत मातोश्रींकडे गेली आहे. ज्यांची आठवण ठेवायची त्यांच्या नावानंतर 'स्मरणार्थ' आणि ज्यांनी दिले त्यांच्या नावानंतर 'कडून' किंवा 'तर्फे' यावे : 'कै. … यांच्या स्मरणार्थ त्यांच्या मुलांकडून सप्रेम भेट.' शिवाय 'तर्फे' हे शब्दयोगी अव्यय असल्याने 'यांच्यातर्फे' असे जोडूनच लिहावे.

उत्तर (सातारा) : सहमत आहे. 'स्मृतिप्रीत्यर्थ' घ्यायचे असल्यास 'ति' ऱ्हस्व आणि 'प्री' दीर्घ, हे कारागिरास मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे व कोरण्यापूर्वी नमुना स्वतः तपासावा. आमच्या आजोबांच्या पाटीवर 'प्रित्यर्थ' कोरले गेले आणि ती चुकीची वेलांटी २० वर्षे माझ्या डोळ्यांत सलते आहे.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. भावंडांत एक बहीण आहे. तिचा वाटा 'मुलांकडून' या शब्दात दिसेल का?

उत्तर : 'कन्या व पुत्रांकडून' असे लिहावे. 'अपत्यांकडून' हा शब्द सरकारी कागदावर शोभतो, आईच्या पाटीवर नाही.