मदत हवी आहे: कमी जोराची काडतुसं घरी भरायची आहेत, शनिवारच्या आत

माउंटनहोमकर: आयडाहोत ओळखीच्या शेतकऱ्याच्या लसूणघासेत खारींनी बिळं करून वाट लावली आहे. कापणीयंत्राची पाती मातीच्या ढिगांवर आदळतात. शनिवारी मुलीला घेऊन जायचंय, पण नेहमीच्या काडतुसाचा धक्का तिला झेपत नाही. हलक्या बारासाठी वापरतात ती ट्रेल बॉस पावडर कुठेच मिळत नाहीये. घरात एच४८३१ पावडरचा डबा आहे, तीच निम्मी टाकली तर चालेल का? फक्त आकडा सांगा, वेळ नाही.

पितळवाला: आकडा कशाचा सांगू? कॅलिबर कोणतं, रायफल बोल्टची (हाताने खीळ ओढायची) की सेमी-ऑटो (आपोआप भरणारी), गोळीचं वजन किती ग्रेन, काहीच लिहिलेलं नाही.

माउंटनहोमकर: .२४३ विंचेस्टर, बोल्ट, ७० ग्रेन. आता सांगा.

पितळवाला: एच४८३१ निम्मी अजिबात टाकू नका! ती सावकाश जळणारी पावडर आहे. काडतुसाची केस, म्हणजे पितळी नळकांडी, अर्धी रिकामी राहिली की नीट पेटत नाही आणि कधीकधी दाब उतरायच्या ऐवजी भलताच चढतो. रायफल फुटल्याची उदाहरणं आहेत. एच४८९५ पावडर आणा. ती बनवणाऱ्या हॉजडन कंपनीचाच नियम आहे: त्यांच्या तक्त्यात तुमच्या गोळीसाठी एच४८९५ चा जो कमाल भार (पावडरचं वजन) असेल, त्याच्या ६० टक्क्यांपर्यंत उतरता येतं. त्याच्या खाली नाही.

बोझमनचा_दादा: एवढा खटाटोप कशाला? .१७ एचएमआरची रायफल घ्या, त्याचं काडतूसच छोटं असतं. धक्का जवळपास नाहीच, मुलगी खूश होईल.

पितळवाला: दादा, कोणती रायफल घेऊ असं त्यांनी विचारलंय का? शनिवारच्या आत नवी रायफल, नवी दुर्बीण, कसं जमणार?

बोझमनचा_दादा: नेम तर कमी भारालाही नव्याने बसवावा लागतो, गोळी खाली पडते. शिवाय मंद गोळी कडक जमिनीवर फुटत नाही, उडून भलतीकडे जाते. मागे मातीचा बांध नसेल तर मी मुलांना मारूच देत नाही.

गुहागरचा_बागायतदार: थोडं विषयांतर. आमच्याकडे माकडं आणि रानडुकरं काजू ठेवत नाहीत. परवान्याची बंदूक आहे. असा हलका बार चालेल?

पितळवाला: नाही हो. तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. आधी वनखात्याची लेखी परवानगी. नुकसानभरपाईचा अर्जही तिथेच करा.

ससाणा: खार कोणती ते कुणी विचारलंच नाही. 'उत्तर आयडाहोची खार' ही जात २००० सालापासून अमेरिकेच्या संघीय संरक्षित यादीत आहे. आणि मेलेल्या खारी शेतात सोडू नका, गोळीतल्या शिशाचे कण गरुड-ससाण्यांच्या पोटात जातात. स्नेक नदीकाठचं शिकारी पक्ष्यांचं राखीव क्षेत्र तुमच्या शेजारीच आहे. तांब्याच्या गोळ्या वापरा.

पितळवाला: एवढ्या कमी वेगाला तांब्याची गोळी लागल्यावर उमलत (पसरत) नाही, जनावर जखमी होऊन बिळात मरतं. पातळ कवचाची गोळीच घ्या आणि मेलेल्या खारी उचलून नीट पुरा.

माउंटनहोमकर: ती खार ॲडम्स आणि व्हॅली काउंटीतली, आमच्या बाजूला नाही. एच४८९५ दुकानात मिळाली, तक्ताही सापडला. अजून काही?

पितळवाला: हो. पावडर टाकली की सगळ्या केस ट्रेमध्ये उभ्या करून टॉर्चने आत बघा, पातळी सारखी हवी. एकीत दोनदा पडली तर संपलंच. आणि बार फुसका वाटला तर लगेच थांबा, रायफल रिकामी करून बोल्ट काढा आणि नळीतून आरपार बघा. अडकलेल्या गोळीवर दुसरी मारली की नळी फाटते. हे मुलीलाही आधीच सांगून ठेवा.

माउंटनहोमकर: सांगतो. आधी थोडीच भरून शुक्रवारी रेंजवर मी स्वतः मारून बघेन, मग तिच्या हातात देईन.