वाळवलेलं मांस : तुमच्याकडे कसं करतात, कुठे मिळतं?

मंडळी, जोहान्सबर्गला येऊन सहा वर्षं झाली आणि इथलं बिल्टाँग आता आमच्या घरचंच झालंय. बीफच्या मांडीचे अंगठ्याएवढे जाड लांब तुकडे, त्याला व्हिनेगर, मीठ, मिरी आणि भाजून भरड कुटलेले धणे, बस. तो धण्याचा वास पहिल्यांदा आला तेव्हा मी खाटकाच्या दुकानात उभा होतो आणि डोळ्यासमोर आईचा मसाल्याचा खल. ओलसर हवं की कडक, चरबीसकट की नको, हे विचारून समोरच कापून देतात. घरी मी लाकडी खोका केलाय, खाली एक बल्ब, छोटा पंखा, हवेला भोकं आणि आत मांस टांगायला आकडे. इथला हिवाळा कोरडा, चार-पाच दिवसांत होतं, किलोचं जेमतेम अर्धा किलो उरतं. तुमचे अनुभव लिहा, फसलेले पण लिहा.

---

फसलेला माझा घ्या. ह्यूस्टन, दमट हवा, गराजमध्ये असंच जाड मांस टांगलं आणि तिसऱ्या दिवशी हिरवी बुरशी, सगळं फेकलं, फार वाईट वाटलं. आता फक्त जर्की, म्हणजे मुरवून सुकवलेले पातळ काप. मांस अर्धवट गोठवायचं म्हणजे पातळ कापता येतं, रेषेला आडवं कापलं की चावायला मऊ. सोया सॉस, लसूण, थोडा गूळ, रात्रभर फ्रीजमध्ये. एक गोष्ट कळकळीने सांगते, सुकवायच्या मशीनमध्ये घालायच्या आधी मांस आतपर्यंत १६० फॅरनहाइट (७१ सेल्सियस) गरम करा, थर्मामीटर लावून बघा. कारण सुकत गेलं की जंतू उष्णतेला चिवट होतात, मग नंतर तापवून तेवढा उपयोग होत नाही.

---

सिंगापूर. इथे बाकक्वा. चिनी नववर्षाच्या आधी चायनाटाऊनमध्ये लांबच लांब रांगा आणि भावही चढलेले, तरी मी दरवर्षी उभा राहतो. कोळशावर भाजलेले गोड चौकोनी पातळ काप, कडा जराशा करपलेल्या. बहुतेक पोर्कचं असतं, चिकनचंही मिळतं. गरम असतानाच खा.

---

काठमांडूत सुकुटी खाल्ली, म्हशीच्या वाळवलेल्या मांसाची, कांदा-मिरची-मोहरीच्या तेलात कालवलेली, सोबत चिउरा म्हणजे आपले पोहे. अजून चव जिभेवर आहे.

---

परदेशातलं वाचून छान वाटलं, पण आमच्या मराठवाड्यात चान्या आहेतच की! आज्जी मांसाच्या लांब पट्ट्या कापून मीठ-हळद लावायची, अंगणात दोरीवर वाळत घालायची आणि आम्ही पोरं काठी घेऊन दिवसभर कावळे हाकलायचो. कडकडीत वाळल्या की गाडग्यात. पावसाळ्यात काम नसायचं तेव्हा तेच कालवण, नाहीतर चुलीच्या निखाऱ्यावर भाजून वरवंट्याने ठेचायच्या आणि भाकरीवर. शाळेच्या डब्यात नेलेल्या मात्र कधी आठवत नाहीत, आईच देत नव्हती, कुणी काय बोलेल म्हणून. २०१५ ला बैलाच्या मांसावरही बंदी आली, तेव्हापासून म्हशीचं आणते. माझ्या लेकीला डब्यात देते.

---

ताई, मी पहिल्यांदाच ऐकलं हे नाव, लाज वाटली. किती जाड कापायच्या?

---

दादा, करंगळीएवढ्या, त्याहून जाड नको. ऊन एप्रिल-मेचंच. आणि दोरी उंच बांधा, कुत्री उड्या मारतात.