जुन्या नगराचे जतन आणि आजच्या गरजा: नियम नेमके कशाचे असावेत?

उंबरठा (प्रश्न)

नमस्कार. एका ऐतिहासिक नगराच्या जुन्या भागासाठी बांधकामाची नवी नियमावली सुचवणाऱ्या नागरिक गटात मी काम करतो. इमारतींची उंची, दर्शनी भाग, छपराचा उतार आणि रंग यांविषयी आमच्या मसुद्यात पानेच्या पाने लिहिली गेली आहेत. परंतु ज्या घरांसाठी हे सारे लिहिले, त्यांपैकी बऱ्याच घरांना आज कुलूप आहे. आणि जिथे माणसे राहतात, तिथे भिंतींना ओल आलेली, जिना मोडकळीला आलेला आणि वीजवाहिन्या कशाबशा ओढलेल्या, अशी अवस्था आहे. गेल्या बैठकीत एका वयस्कर घरमालकीणबाईंनी विचारले, "माझ्या घराची कमान तुम्हाला हवी आहे, हे कळले. पण त्या कमानीखाली मी राहावे, असे कोणत्या कलमात लिहिले आहे?" आमच्यापैकी कोणालाही उत्तर देता आले नाही.

वारसा जपणे आणि शाश्वत विकास साधणे ही कामे खरोखरच एकमेकांच्या आड येतात का, की आम्ही नियमच चुकीच्या गोष्टीचे करत आहोत? ज्यांनी अशा विषयात काम केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

चुनागारा (उत्तर)

तुमच्या मसुद्यात "डागडुजी" हा शब्द किती वेळा येतो, ते आधी मोजून पाहा. बहुतेक नियमावल्या नव्या बांधकामाला अडवण्यासाठी लिहिलेल्या असतात. जुनी घरे मात्र नव्या बांधकामापेक्षा चुकीच्या दुरुस्तीने अधिक मरतात, असा माझा अनुभव आहे.

जुनी भिंत दगड वा विटा आणि चुना यांची असते. जमिनीतली ओल तिच्यात चढते आणि चुन्याच्या सांध्यांतून व गिलाव्यातून वाफ होऊन बाहेर पडते. त्याच भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, मग ती दगडातून वाट काढू लागते, तिच्याबरोबर आलेले क्षार दगडाच्या पृष्ठभागाशी साठून त्यांचे स्फटिक होतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. चार-दोन वर्षे भिंत नवीकोरी दिसते, म्हणून घरमालकही खूश असतो. चुन्याचा सांधा दगडाहून मऊ असतो, तो दोष नव्हे, ती योजना आहे: झिजायचे ते सांध्याने झिजावे, आणि सांधा पुन्हा भरता यावा.

आता शाश्वततेचा हिशेब. जगातील एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटनिर्मितीचा वाटा सुमारे ८ टक्के आहे, आणि त्यातील मोठा भाग इंधनाचा नसून भट्टीत तापवलेल्या चुनखडीतूनच सुटणारा असतो. चुना भाजतानाही हा वायू निघतो. मात्र चुन्याचा गिलावा पक्का होताना हवेतील तोच वायू पुन्हा शोषून घेतो, जरी भट्टीच्या इंधनाचा भार त्यामुळे फिटत नाही. शिवाय उभी इमारत पाडली, की तिच्या विटा भाजायला आणि दगड घडवायला लागलेली ऊर्जा राडारोड्यात जाते आणि नव्या इमारतीसाठी तितकीच किंवा अधिक ऊर्जा पुन्हा खर्चावी लागते. त्यामुळे निदान डागडुजीच्या बाबतीत तरी तुमच्या दोन उद्दिष्टांत भांडण नाही.

भांडण सुरू होते ते ऊर्जाबचतीच्या कामांत. थंड हवामानात जाड भिंतीला आतून वाफरोधक थर लावून ती घट्ट बंद केली, तर भिंतीच्या पोटात दव साचून तुळयांची टोके कुजू शकतात. म्हणून आधी छप्पर, मग दारे-खिडक्यांच्या फटी, मग जुन्या खिडकीच्या आत तावदानांची दुसरी चौकट, आणि भिंत सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवावा.

माझी सूचना एकच आहे. मूळ साहित्यात आणि मूळ पद्धतीने होणाऱ्या लहान दुरुस्तीला परवानगीची अट ठेवू नका. लेखी कळवणे पुरेसे असावे. फुटके कौल बदलण्यासाठी सहा महिने थांबावे लागले, तर तेवढ्यात छताची तुळई जाते.

नकाशा (उत्तर)

चुनागारा यांनी भिंतीबद्दल जे लिहिले, ते मान्य आहे. पण भिंत वाचली म्हणजे नगर वाचले, असे होत नाही. फ्रान्समध्ये आंद्रे माल्रो सांस्कृतिक मंत्री असताना ४ ऑगस्ट १९६२ रोजी जो कायदा झाला, त्याने एकेकट्या स्मारकाऐवजी संपूर्ण जुना विभाग संरक्षित करण्याची सोय केली, आणि पॅरिसचा मारे विभाग पाडापाडीतून वाचला. दगड वाचले, परंतु त्या वस्तीतले कारागीर आणि कमी भाड्यात राहणारी कुटुंबे मोठ्या संख्येने निघून गेली.

इटलीतील बोलोन्या शहराने १९७३ साली प्रश्न उलट बाजूने हाती घेतला. गरिबांसाठी शहराबाहेर नवी घरे बांधण्याचा जो सार्वजनिक निधी असतो, तोच जुन्या भागातील घरांच्या दुरुस्तीसाठी वापरायचा आणि दुरुस्तीनंतर आधीच्याच रहिवाशांना तिथे राहता येईल असे पाहायचे, हा त्या योजनेचा गाभा होता. सुरुवातीला घरे सक्तीने संपादन करण्याचा विचार होता. त्याला इतका विरोध झाला की शेवटी मालकांशी करार करून, मदतीच्या बदल्यात भाड्यावर मर्यादा घालण्याचा मार्ग धरावा लागला. मला त्या योजनेतील हा पराभवच सर्वांत उपयोगी वाटतो, कारण तुमच्या नगरात जे करता येण्याजोगे आहे ते बहुधा हेच. तुमच्या मालकीणबाई ज्या कलमाविषयी विचारत होत्या, ते या करारात सापडेल.

भाड्याचा धागा मात्र जपून हाताळा. मलेशियातील जॉर्ज टाऊनमध्ये भाडे नियंत्रण अनेक दशके राहिले. त्यामुळे जुनी दुकानघरे पाडली गेली नाहीत, पण तुटपुंज्या भाड्यात मालकाने दुरुस्ती तरी कशातून करावी? पुढे कायदा रद्द होऊन १ जानेवारी २००० पासून भाडी मोकळी झाली, तेव्हा जुने भाडेकरू हटू लागले. २००८ साली त्या नगराला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, तोवर रहिवाशांची पांगापांग होऊन गेली होती. भाडे गोठवून ठेवणे आणि एका रात्रीत मोकळे सोडणे, या दोहोंच्या मधला टप्प्याटप्प्याचा रस्ता तुमच्या मसुद्यात हवा.

ज्या मालकाला उंचीच्या मर्यादेमुळे तोटा होतो, त्याचे काय, हा प्रश्नही रास्त आहे. न्यूयॉर्कने १९६५ च्या वारसा कायद्याखाली संरक्षित इमारतींचे न वापरलेले बांधकामाचे हक्क जवळच्या दुसऱ्या भूखंडावर नेण्याची मुभा १९६८ साली बांधकाम नियमांत दिली, आणि ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली शहराच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे टीडीआर (विकास हक्कांचे हस्तांतरण) म्हणतात, तो हाच प्रकार. मात्र हक्क जिथे जाऊन उतरणार, तिथले पाणी, सांडपाणी आणि रस्ते यांचा विचार आधी करावा लागतो.

तिसरा काठ (उत्तर)

वरील दोन्ही उत्तरे जतनाच्या बाजूने झुकलेली आहेत, म्हणून थोडा विरोध नोंदवतो. जर्मनीतील ड्रेसडेन शहरातल्या एल्ब नदीच्या खोऱ्याला २००४ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. वाहतुकीसाठी तिथे पूल हवा, असा कौल नागरिकांनी २००५ च्या सार्वमतात दिला. पूल बांधायला घेतला, आणि २००९ साली ती मान्यता काढून घेण्यात आली. नदीखालून बोगदा काढावा, असा पर्याय सुचवला गेला होता आणि तो स्वीकारायला हवा होता, असे माझे मत आहे. तरीही, तिथे रोज राहणाऱ्यांच्या गरजेला "विकासाचा हव्यास" म्हणून मोकळे होणे मला पटत नाही.

मी स्वतः एकच कसोटी लावतो: केलेला बदल पुढच्या पिढीला मागे घेता येईल का? छपरावरचे सौर पॅनल खाली काढता येतात, आतला जिना रुंद केला तर निदान त्याची मोजमापे व नोंद ठेवता येते. तळघर खणून वाहनतळ केला किंवा पुढची भिंत ठेवून मागे सगळे घर नवे उभारले, तर परतीची वाट बंद होते. दर्शनी भागावरच भर देणारे नियम नेमके या शेवटच्या प्रकाराला उत्तेजन देतात, कारण रस्त्यावरून पाहणाऱ्याला काही बदललेच नाही असे वाटते. सौर पॅनलवर सरसकट बंदी घालणारे कलम तुमच्या मसुद्यात असेल, तर ते आधी वगळा.

पर्यटनाविषयी फार लिहीत नाही. व्हेनिसच्या जुन्या शहराची लोकसंख्या १९५१ साली सुमारे पावणेदोन लाख होती, ती २०२२ पर्यंत पन्नास हजारांच्या खाली आली. स्मारक समाजोपयोगी कामासाठी वापरात असले की त्याचे जतन सोपे होते, असे तत्त्व सांगणारी १९६४ ची सनद याच शहराच्या नावाने ओळखली जाते.

उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. आज मसुदा पुन्हा वाचला: "दर्शनी भाग" एकतीस वेळा येतो, "डागडुजी" दोनदा, आणि "रहिवासी" फक्त ध्वनिप्रदूषणाच्या परिच्छेदात. लहान दुरुस्तीला परवानगीतून सूट आणि मदतीच्या बदल्यात भाड्याची मर्यादा, ही दोन कलमे पुढच्या बैठकीत मांडतो.

नकाशा यांना एक शंका विचारायची आहे. आमच्याकडे बंद घरांपैकी बऱ्याच घरांचे वारसदार अनेक आहेत आणि ते निरनिराळ्या गावी राहतात. मदतीचा करार करायचा तर सही कोणाची घ्यायची?

नकाशा

सगळ्यांच्या सह्यांची वाट पाहिलीत तर छप्पर थांबणार नाही. पहिल्या टप्प्यात करार फक्त छप्पर, पन्हळी आणि गळती यांपुरता करा, आणि त्यासाठी ज्याच्या ताब्यात किल्ली आहे त्या वारसदाराची संमती पुरेशी ठरेल असे कलम कायद्याच्या जाणकाराकडून लिहून घ्या. इतरांना नोटीस द्या आणि हरकतीसाठी मुदत ठेवा. मालकीचा वाद त्याच्या गतीने चालू राहील, तोवर घर कोरडे राहील.