मोझेलची २०१८ ची रीस्लिंग जड का लागते?

मेधा, स्टुटगार्ट: जर्मनीतल्या मोझेल नदीकाठच्या एकाच बागेतली काबिनेट (हलक्या वर्गातली) रीस्लिंग, म्हणजे रीस्लिंग द्राक्षाची पांढरी वाइन, दोन सालांची उघडली. २०२१ ने दात आंबले, तरी ग्लास संपवावासा वाटला. २०१८ चा पहिला घोट पिकल्या पीचसारखा, तिसऱ्यानंतर मात्र जड. हा उन्हाळ्याचा परिणाम का? उरलेल्या २०१८ च्या बाटल्या ठेवू की संपवू?

मोझेलकाठ: उन्हाळ्याचाच. द्राक्षात मुख्य आम्लं दोन, टार्टारिक आणि मॅलिक. टार्टारिक बऱ्यापैकी टिकतं. मॅलिक मात्र फळ पिकताना श्वसनात जळतं, आणि रात्रीही गरम असल्या तर आणखीच. २०२१ मध्ये तुम्हाला हिरव्या सफरचंदाचा जो चटका बसला, तो मॅलिकचा. ते साल थंड आणि ओलं होतं. २०१८ कडक, कोरडं. काबिनेटचं आंबवणं मध्येच थांबवतात, अल्कोहोल ८-९ टक्क्यांच्या आसपास ठेवतात, त्यामुळे थोडी साखर उरते. मग आंबटपणाचा आधार गेला की गोडवा उघडा पडतो.

मी ट्रिअरजवळ खुड्याला जातो. गरम साली दुपारी घड हातात कोमट लागतो, बिया तपकिरी झालेल्या असतात आणि मणी चावला तर निव्वळ साखर. काबिनेटसाठी असा माल उशिराचा ठरतो. लवकर आणि पहाटे खुडणं हाच खरा उपाय. २००३ मध्ये तर युरोपीय संघाने जर्मनीत आम्ल घालायला खास सूट दिली होती. मला ते पटत नाही, वरून घातलेलं आम्ल जिभेवर वेगळं उभं राहतं.

बाटल्या बिनधास्त ठेवा. १९५९ सुद्धा उन्हाचंच साल, पण त्या रीस्लिंग अनेक दशकं टिकल्या.

पुणेरी_शार्डोने: फ्रान्समधल्या शाब्लीच्या पांढऱ्या वाइनमध्येही हेच का?

मोझेलकाठ: तिथे थोडं वेगळं. शाब्लीत बहुतेक जण मॅलिकचं लॅक्टिकमध्ये रूपांतर होऊ देतात, चव मऊ व्हावी म्हणून. गरम साली मॅलिक मुळातच कमी, म्हणून काही जण ते रूपांतर रोखून धरतात. कोरड्या वाइनमध्ये जादा साखरेचं अल्कोहोल होतं, त्यामुळे तिथला जडपणा घशाला ऊब देऊन कळतो.

मेधाताई, पुढच्या वेळी गरम सालची घेताना झार किंवा रूवर या मोझेलच्या उपनद्यांच्या खोऱ्यातली बघा. ती खोरी जास्त गार आहेत. पूर्वी थंड साली तिथली द्राक्षं धड पिकत नसत. आता तिथेच मला सर्वांत नीट तोललेली रीस्लिंग मिळते.