डीएलसी (डायमंड-लाइक कार्बन) कोटिंग असलेल्या फॉलोअरवर मोली अ‍ॅडिटिव्ह चालतं का? एकाचा काळा थर गेलाय

फोंडेकर_रायडर
नमस्कार मंडळी. फोंड्याहून बोरी पुलावरून वेर्ण्याला रोज बाईकने कामाला जातो, रनिंग २२ हजार झालंय. काल टॅपेट बघायला हेड कव्हर उघडलं तर एक्झॉस्टकडच्या एका फिंगर फॉलोअरवर (फिरत्या कॅमचा धक्का व्हॉल्व्हला पोचवणारा छोटा तुकडा), कॅम जिथे घासतो बरोबर तिथे, काळ्या थराच्या मधोमध तांदळाच्या दाण्याएवढा पट्टा चांदीसारखा चकाकतोय. नख फिरवलं तर कुठे अडकत नाही. बाकीचे तिन्ही काळेभोर आहेत. गेल्या दोन ऑइल चेंजला मेकॅनिकने सांगितलं म्हणून मोलीची, म्हणजे मोलिब्डेनमवाल्या अ‍ॅडिटिव्हची, बाटली ऑइलमध्ये ओतली होती आणि खरं सांगतो, त्यानंतर इंजिन मऊ चालायला लागलं होतं. मग झीज झाली कशी? डीएलसी तर हिऱ्यासारखं कडक ना?

म्हापसा_गॅरेज
मोलीने कॅम खराब झालेला मी तरी बघितला नाही. आमच्याकडे पायलटांच्या, म्हणजे बाईक टॅक्सीवाल्यांच्या, गाड्या येतात, दिवसभर चालतात, त्यांत कितीदा घातलंय. आधी ऑइल लेव्हल आणि एअर फिल्टर बघ, आपल्याकडची तांबडी धूळ आत गेली की काहीही घासतं.

डिचोलीकर_७८
गॅरेजवाले भाऊ, धुळीचं पटलं, पण त्या गाड्यांत लोखंडावर लोखंड घासतं. इथे एका बाजूला कार्बन आहे आणि सगळा फरक तिथेच पडतो. मी काही वर्षं कोटिंगच्या कामात होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऑइलमध्ये विरघळणारं मोली म्हणजे बहुतेक वेळा मोलिब्डेनम डायथायोकार्बामेट, आम्ही एमओडीटीसी म्हणायचो. गरम होऊन घासलं गेलं की त्यातून मोलिब्डेनम डायसल्फाइडचे पातळ पापुद्रे तयार होतात, ते एकमेकांवरून सरकतात आणि घर्षण उतरतं. स्टीलवर हे छानच चालतं. पण हायड्रोजन असलेल्या साध्या डीएलसीसमोर स्टील असेल तर प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा दिसलंय की घर्षण कमी होतं आणि त्याच वेळी कोटिंग मात्र भराभर झिजतं. म्हणून तुला इंजिन मऊ वाटलं यावरून सगळं ठीक होतं असं धरू नकोस, घर्षण आणि झीज ही दोन वेगळी मापं आहेत.

कारणांवर अजून वाद आहे. कोणी म्हणतं मोलिब्डेनमचं ऑक्साइड कार्बनशी रिअ‍ॅक्शन करतं, कोणी म्हणतं मोलिब्डेनम कार्बाइडचे कडक कण तयार होऊन खरवडतात. वरचा थर ग्राफाइटसारखा मऊ होतो असंही सांगतात. पण समोर स्टील असताना हे जास्त होतं, दोन्ही बाजूंना डीएलसी असेल तर झीज बरीच कमी असते. आणि कोटिंग असतं किती, तर एक ते तीन मायक्रॉन, आपला केस सत्तरेक मायक्रॉन धर. म्हणून तुझं नख अडकलं नाही.

सगळीच अ‍ॅडिटिव्ह वाईट नाहीत हेही सांगतो. झेडडीडीपी, म्हणजे इंजिन ऑइलमधलं जुनं झिंक-फॉस्फरसवालं, सोबत पुरेसं असेल तर मोलीमुळे होणारी झीज बरीच आटोक्यात राहते. आणि हायड्रोजन नसलेल्या डीएलसीवर ग्लिसरॉल मोनोओलिएट घातलेलं ऑइल तर कमाल करतं, त्या रेणूतले हायड्रॉक्सिल गट कार्बनला धरून बसतात आणि घर्षण एकदम खाली येतं. निस्सानने असं कोटिंग व्हॉल्व्ह लिफ्टरवर वापरलंय. म्हणजे कोटिंग कुठलं आणि ऑइल कुठलं ही जोडी जुळवूनच बनवलेली असते, आपण मध्येच बाटली ओतली की ती मोडते.

आता तू एवढं कर. लेन्सने पट्ट्याची कड बघ. कड हळूहळू विरत गेलेली आणि गुळगुळीत असेल तर झीज, तुटक तुटक आणि टवके उडाल्यासारखी असेल तर कोटिंग सुटलंय, मग दोष ऑइलचा नाही, खालच्या चिकटण्याचा.

सत्तरीची_बुलेट
आणि क्लचचं कुणी बोललंच नाही! बाईकमध्ये तेच ऑइल क्लच प्लेटांनाही लागतं, म्हणून तर डब्यावर जासो एमए२ (ऑइलमधल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलचा जपानी दर्जा) बघून घ्यायचं. वरून घर्षण कमी करणारी बाटली ओतली तर चोर्ला घाट चढताना क्लच स्लिप व्हायला लागेल. स्कूटरचं वेगळं, तिथे क्लच ऑइलमध्ये नसतो, म्हणून एमबी, म्हणजे कमी घर्षणाचं ऑइल, चालतं.

फोंडेकर_रायडर
लेन्सने बघितलं, कड विरत गेलेली आहे, टवके कुठेच नाहीत. बाटलीवर मोलिब्डेनम लिहिलंय पण कुठलं ते नाही. एअर फिल्टर साफच निघाला. फॉलोअर बदलू की चालवू?

डिचोलीकर_७८
बदल, उघडं स्टील कॅमवर घासत ठेवू नकोस. तो पट्टा पॉलिश वगैरे अजिबात करू नकोस. त्याच्यावरचा कॅम लोब (कॅमचा उंचवटा) टॉर्च मारून बघ, रेघा दिसल्या तर तोही बदलावा लागेल. नवीन फॉलोअर बसवल्यावर शिम (व्हॉल्व्हची फट जुळवणारी चकती) परत मोजून घे, मॅन्युअलमधल्या ग्रेडचं एमए२ ऑइल फिल्टरसकट टाक, बाटली नको. पाच हजार किलोमीटरने कव्हर उघडून चारही फॉलोअरचे फोटो इथे टाक, मला बघायचेत.