नामिबियात कुडू-ओरिक्ससाठी .३०८ पुरेल का? गोळी कोणती घ्यावी? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

पुढच्या जूनमध्ये नामिबियाला शिकारीला जायचं नक्की झालंय. ओटजिवारोंगोच्या बाजूचं खासगी रान आहे, काटेरी झुडपांचं. यादीत कुडू, ओरिक्स (तिकडे गेम्सबॉक म्हणतात) आणि स्प्रिंगबॉक ही तिकडची हरणांसारखी जनावरं, शिवाय वॉर्टहॉग (सुळेवालं रानडुक्कर). इलंड (त्याच जातीतलं बैलाएवढं जनावर) यादीत नाही, पण "चांगला नर समोर आला तर बघू" असं रानमालकाने सहज लिहून टाकलं आणि घोळ तिथूनच सुरू झालाय.

मी मूळचा यवतमाळकडचा, आता बरीच वर्षं दक्षिण टेक्सासात. गावाकडे ज्या रोह्यांच्या नावाने बोटं मोडत लहानाचा मोठा झालो, त्यांचेच भाऊबंद इथे भेटले. किंग रँच या इथल्या मोठ्या खासगी रानाने १९३०च्या सुमारास आणून सोडलेल्या नीलगायी आता इकडच्या रानात हजारोंनी आहेत, आणि परकं जनावर म्हणून त्यांच्या शिकारीला बंद हंगाम नाही. माझा अनुभव म्हणजे हेच: नीलगाय, रानडुक्कर आणि व्हाइटटेल हरणं. आफ्रिकेचं पाणी चाखलेलं नाही.

रायफल .३०८ विंचेस्टर, बोल्ट-अ‍ॅक्शन, नळी २२ इंची, वर ३-९ची दुर्बीण. तिच्याबद्दल तक्रार काहीच नाही. तक्रार गोळीबद्दल आहे. मागच्या मोसमात नीलगाईच्या नराला १५० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) साधी सॉफ्ट पॉइंट, म्हणजे टोकाला शिसं उघडं असलेली गोळी मारली, अंतर जेमतेम सत्तर यार्ड, लागली थेट फऱ्याच्या (खांद्याच्या) हाडात. जनावर पडलं. पण सोलताना पाहिलं तर तांब्याचं रिकामं कवच हाडापाशीच चुरगळून बसलेलं, आणि शिशाचे तुकडे फुफ्फुसाच्या अलीकडच्या बाजूलाच विखुरलेले. पलीकडे काहीच पोचलं नव्हतं. ओरिक्स याहून चिवट असतो म्हणतात. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

रेंजवरची मंडळी एका सुरात सांगतायत की जास्त जोराची .३०० विंचेस्टर मॅग्नम घे, आफ्रिकेला .३०८ म्हणजे पोरखेळ. एकाने तर त्याहून जड .३७५ एच अँड एच सुचवली. नवी रायफल घ्यायला बायकोची हरकत नाही (ती सोबत येतेय, तिच्याकडे हलकी .२४३ आहे आणि तिला एक स्प्रिंगबॉक मारायचाय), पण मला स्वतःला पटल्याशिवाय पैसे घालायचे नाहीत.

तर .३०८ ठेवू की बदलू? ठेवली तर गोळी कोणती आणि किती ग्रेनची? आणि इलंड समोर आलाच तर?

– रोही_ते_रिओग्रांदे

प्रिटोरियाकर

रायफल ठेवा. पैसे गोळ्यांवर आणि सरावावर घाला.

मी इथे दरवर्षी हिवाळ्यात बिल्टॉन्गसाठी (सुकवलेल्या मांसासाठी) शिकार करतो. माझ्या ओळखीचे निम्मे आफ्रिकानर शेतकरी आयुष्यभर .३०८ किंवा ३०-०६ वापरतात आणि त्यांचे आजोबा ७x५७ माउझर वापरायचे. ते काडतूस १८९२चं. गोळी १४० ग्रेनची, वेग सेकंदाला साधारण २६५० फूट, आणि कुडू त्यालाही पडतात. तुमच्या .३०८ला १६५ ग्रेनची गोळी २७०० फुटांनी सुटते, म्हणजे नळीच्या तोंडाशी ३६०० ज्यूलच्या आसपास. नामिबियाचा कायदा आकड्यात बोलतो, तोही बघून घ्या: स्प्रिंगबॉकच्या गटाला किमान १३५० ज्यूल; हार्टबीस्ट, वाइल्डबीस्ट, कुडू, ओरिक्स आणि इलंडला २७००; म्हैस-हत्तीला ५४००. तुम्ही मधल्या पायरीवर आरामात बसता. वहिनींच्या .२४३चं मात्र बघा. १०० ग्रेनची गोळी २९६० फुटांनी धरली तरी २६४०च्या आसपासच भरते. स्प्रिंगबॉकला उत्तम, पण ओरिक्सला कायद्यानेच नाही. ऐन वेळी "आता एक ओरिक्सपण मारू दे" झालं तर त्यांनी तुमची रायफल उचलायची.

आता गोळी. तुमच्या नीलगाईत जे झालं ते .३०८चं अपयश नाही, त्या गोळीचं आहे. साध्या सॉफ्ट पॉइंटमध्ये शिसं कवचात नुसतं बसवलेलं असतं. जवळून, पूर्ण वेगात, जाड हाडावर आपटलं की दोघांची फारकत होते. .३०० मॅग्नमने तीच गोळी आणखी जोरात आपटली असती, म्हणजे आणखी लवकर फुटली असती. वेग वाढवून कच्ची गोळी पक्की होत नाही, हे तुमच्या रेंजवरच्या मित्रांना सांगा.

पर्याय तीन जातीचे. पहिली नॉस्लर पार्टिशन. मधोमध तांब्याची आडवी भिंत, पुढचं शिसं पसरतं आणि झडतं, मागचा भाग शाबूत राहून आत घुसत जातो. १९४०च्या दशकापासून चालत आलेली आहे आणि अजून तिला तोड नाही. दुसरी जात शिसं कवचाला चिकटवलेल्यांची: स्विफ्ट ए-फ्रेम (हिच्यात भिंतही असते), ट्रॉफी बॉन्डेड, नॉर्मा ओरिक्स. नावातच ओरिक्स आहे, आणखी काय हवं! तिसरी जात निव्वळ तांब्याची. बार्न्स टीटीएसएक्स, किंवा इथल्या जीएस कस्टम, पेरेग्रीन. या उघडून चार पाकळ्या होतात, वजन जवळजवळ घटत नाही, आणि हाड लागलं तरी सरळ जातात.

तुम्हाला माझा सल्ला: १६५ ग्रेनची पार्टिशन किंवा ए-फ्रेम. तांबंच हवं असेल तर १५० ग्रेनच्या वर जाऊ नका. तांब्याची गोळी उघडायला वेग लागतो आणि .३०८मध्ये जड तांबं दूरवर मंदावतं. हलकी घेतली तर २८०० फुटांच्या पुढे निघते आणि २०० मीटरवरही नीट उघडते. वजन टिकत असल्याने १५०ची तांब्याची गोळी १८०च्या साध्या गोळीहून खोल जाते.

प्लास्टिकच्या टोकाच्या, लांब पल्ल्याच्या चकचकीत गोळ्या (ईएलडी-एक्स, बॅलिस्टिक टिप) स्प्रिंगबॉकला ठीक. साठ मीटरवर ओरिक्सचा खांदा समोर आला तर त्यांच्यावर भिस्त ठेवू नका.

नळीतला_धूर

थोडं विरुद्ध बोलतो. मी .३०० विन मॅग घेऊन कलहारीच्या कडेला गेलो होतो, तिथे झाडी नाही, वाळूच्या टेकड्या. २५०-३०० मीटरवर जनावर उभं असतं आणि वाऱ्यात हलक्या गोळीची दैना होते. तिथे मॅग्नमचा उपयोग झाला. ओटजिवारोंगोला झाडी आहे म्हणता, तर बहुतेक नेम शंभर-दीडशेच्या आत लागतील. मग प्रिटोरियाकरांशी सहमत. मॅग्नमचा धक्का .३०८च्या दीडपट आहे, आणि त्या धक्क्याला दचकणारा माणूस कुठलंही जनावर जखमीच करतो.

तुळशीवृंदावन

क्षमा करा, पण निष्पाप जनावरं मारायचे सल्ले मराठीत वाचून कसंसंच झालं. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शिकार बंद झाली ती उगाच नाही.

रोही_ते_रिओग्रांदे

ताई/दादा, मत मान्य आहे. भारतातला कायदा योग्यच आहे, तो मोडायचा विषयच नाही. नामिबियात परवान्यावर, ठरल्या हंगामात होतं आणि मांस तिथेच खाल्लं जातं. यावर वेगळा धागा काढा, मी नक्की येईन. इथे गोळीचंच राहू दे.

प्रिटोरियाकर, मनापासून आभार. .२४३चा हिशेब मी केलाच नव्हता. दोन प्रश्न उरले. नेम कुठे धरायचा यावर सगळे "फऱ्यावर" म्हणतात, पण इकडे हरणांना आम्ही फऱ्याच्या मागे धरतो. फरक काय? आणि इलंड?

प्रिटोरियाकर

हा प्रश्न कॅलिबरपेक्षा दहापट महत्त्वाचा, बरं झालं विचारलात.

इथल्या जनावरांचं हृदय तुमच्या व्हाइटटेलच्या मानाने पुढे आणि खाली असतं, जवळजवळ दोन पुढच्या पायांच्या मधोमध. टेक्सासच्या सवयीने फऱ्यामागे चार बोटं धरलीत तर फुफ्फुसाचा मागचा कोपरा मिळेल, जरा चुकलं तर यकृत, आणखी चुकलं तर कोथळा. कोथळ्याला लागलेला ओरिक्स संध्याकाळपर्यंत चालतो. म्हणून जनावर आडवं उभं असेल तर पुढच्या पायाची रेघ धरून वर चढायचं आणि छातीच्या खालच्या एक तृतीयांशावर थांबायचं. तिथे फऱ्याचं हाड वाटेत येतं, म्हणून तर पक्की गोळी हवी. जनावर तिरकं असेल तर पलीकडच्या पायाचा अंदाज घेऊन तिकडे निघेल अशी मारायची.

ओरिक्सची एक गंमत. वशिंडासारखा उंचवटा आणि मानेवरचे केस यामुळे जनावर वरच्या बाजूला आहे त्यापेक्षा मोठं दिसतं. नवखा माणूस दिसणाऱ्या शरीराचा मध्य धरतो आणि गोळी वर जाते. मणक्याच्या वरच्या काट्यांना लागली तर जनावर धाडकन पडतं, लोक हात मिळवायला लागतात, आणि ते उठून पळतं. पडलं तरी दुसरं काडतूस आधी भरा, नजर दुर्बिणीतून काढू नका. आणि लांब शिंगं दिसली म्हणजे नर, असं धरू नका. माद्यांची शिंगं बारीक पण बहुतेकदा जास्त लांब असतात.

कुडू अंगाने मोठा, नर अडीचशे किलोच्या आसपास, पण त्या मानाने नाजूक. नीट लागली तर फार लांब जात नाही. अडचण एवढीच की तो झुडपातून पूर्ण दिसतच नाही. आणि फांदीतून गोळी काढायच्या भानगडीत पडू नका. "जड गोळी फांदी कापून जाते" या गप्पा आहेत. वळतात सगळ्याच.

पक्क्या गोळीचा एक तोटाही सांगून ठेवतो. ती आरपार जाते. कळपात मागे दुसरं जनावर असेल तर दोन्ही लागतात आणि दोन्हीचे पैसे द्यावे लागतात. रक्त दिसलं की जनावर सापडो न सापडो, पैसे भरायचे, हा इकडचा रिवाज. माग काढणारे लोक विलक्षण असतात, खडकाळ जमिनीवरही थेंब शोधतात, पण त्यांच्या जिवावर बेफिकीर होऊ नये.

इलंडचं: मोठा नर सातशे किलोच्या पुढे जातो, आपल्या खिलार बैलापेक्षा भारी. कायद्याने .३०८ चालते, आणि शांत उभ्या आडव्या इलंडला शंभर मीटरच्या आत पार्टिशनने मी मारेन. तिरका किंवा चालता असेल तर सोडून देईन. तुमच्या जागी मी रानमालकाला आधीच लिहीन की इलंड निघालाच तर तुमची .३७५ भाड्याने द्या. बहुतेक रानांवर असते. एका "बघू"साठी नवी मॅग्नम कशाला?

कोल्हापुरी_नेमबाज

शिकारीचं मला काही कळत नाही, मी कागदावर मारणारा. पण एक सांगतो. तुम्ही बहुधा बाकावर बसून रेंज गाजवताय. आमच्या स्वप्नील कुसळेनं २०२४ला पॅरिसमध्ये ज्या प्रकारात कांस्य घेतलं, त्यात गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून अशा तीन तऱ्हा असतात, आणि कुणालाही विचारा, घाम फोडते ती उभी. आफ्रिकेत तिकाटण्यावर टेकवून उभ्यानेच मारतात असं वाचलंय. मग सराव त्याचाच करा. घरी रिकाम्या रायफलीत डमी काडतूस घालून, भिंतीवर ठिपका लावून, रोज दहा-पंधरा मिनिटं. ट्रिगर दाबताना ठिपका हलला की कळतंच.

प्रिटोरियाकर

+१, कोल्हापूरकर. तीन पायांचं तिकाटणं आत्ताच विकत घ्या किंवा बांबूचं बांधा. शंभर यार्डांवर सहा इंची कागदी ताटली, उभ्याने, पाचपैकी पाच लागल्या की दीडशेवर जा. जिथे पाचपैकी चार व्हायला लागतात ते तुमचं अंतर, आणि शिकारी सोबत्याला पहिल्याच दिवशी तेवढं सांगून टाका. त्याला राग येत नाही, उलट हायसं वाटतं.

रोही_ते_रिओग्रांदे

ठरलं. .३०८ येतेय, १६५ ग्रेनच्या पार्टिशनचे चार डबे मागवले, इलंडसाठी .३७५ भाड्याने मिळते का ते विचारलंय. बायकोची .२४३ फक्त स्प्रिंगबॉकला.

शेवटचं एक: नेम २०० यार्डांवर बांधू (म्हणजे दुर्बीण त्या अंतराला जुळवू) की १००वर? आणि विमानाचं काही?

नळीतला_धूर

२०० यार्डांवर बांधा. १६५ ग्रेनची गोळी मग १००वर दोनेक इंच वर आणि ३००वर आठ-नऊ इंच खाली लागते, म्हणजे दोनशेपर्यंत डोकं न चालवता सरळ धरायचं. रानावर पोचल्यावर पहिलं काम निशाण्यावर दोन-तीन गोळ्या मारून बघणं, कारण सामान फेकणाऱ्यांना तुमच्या दुर्बिणीची पर्वा नसते.

विमानात काडतुसं वेगळ्या डब्यात, माणशी पाच किलोच्या आत, आणि फक्त सोबतच्या रायफलींच्या कॅलिबरची. अमेरिकेतून निघण्याआधी सीमाशुल्क कचेरीत जाऊन ४४५७ नंबरचा फॉर्म दोन्ही रायफलींसाठी शिक्का मारून घ्या, नाहीतर परत येताना "ही तुमचीच कशावरून" सुरू होतं. विंडहुकच्या विमानतळावर पोलिसांच्या टेबलाशी तात्पुरता परवाना मिळतो, नंबर जुळवून बघतात. वाटेत फ्रँकफर्ट किंवा जोहान्सबर्ग लागणार असेल तर तिथल्या परवानगीबद्दल विमान कंपनीकडून लेखी उत्तर आत्ताच मागवा. तोंडी "हो हो चालेल" चालत नाही.

रोही_ते_रिओग्रांदे

फॉर्मचं माहीत नव्हतं, सोमवारी जातो. आभारी आहे मंडळी. धागा उघडा ठेवतो, तिकाटण्यावरच्या ताटल्यांचे फोटो टाकेन, म्हणजे हसायलाही मिळेल.